लेकीचे दात पुढे आहेत की हनुवटी मागे?

पत्र

माझी मुलगी साडेबारा वर्षांची आहे. वरचे पुढचे दात बरेच पुढे आहेत, तोंड मिटायचं तर ओठ ओढून मिटावे लागतात. रात्री तोंड उघडं ठेवून झोपते. तीन महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली. सासूबाईंचं रोजचं एकच, ‘पोरीना दात पुढे शेतस, लगीन कसं व्हई?’ नणंद म्हणते, अठरा झाल्यावरच तार लावा. जाऊबाईंच्या भाचीचे चार दात काढून तार लावली, तर तिचा चेहरा बसला म्हणे. मुलीने फोनमधल्या एका अ‍ॅपवर फोटो टाकला, त्याने ‘सोनेरी गुणोत्तर ६४ टक्के, चेहरा लांबट’ असं सांगितलं. तेव्हापासून ती आरशासमोरून हटत नाही. मी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं : भुवयांच्या मध्यापासून नाकाच्या बुडापर्यंत ६० मिमी, तिथून हनुवटीच्या खालपर्यंत ६२ मिमी. त्यात वरचा ओठ २० मिमी. ओठ सैल सोडले की मध्ये ५ मिमी फट राहते. वरचे दात खालच्यांच्या ८ मिमी पुढे आहेत. खालच्या दातांची मधली रेघ २ मिमी डावीकडे आहे. या आकड्यांचा अर्थ काय? आत्ता उपचार करायचे की थांबायचं?
— एक आई, तालुका चोपडा

उत्तर

ताई, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. थांबू नका. येत्या दोन-तीन आठवड्यांत मुलीला दातांच्या तारेच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टकडे न्या. घाई का, ते तुमच्याच पत्रातल्या एका ओळीत आहे : पाळी तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली. त्याकडे पुढे येऊच.

तुम्ही मोजमाप नीट केलं आहे. बहुतेक लोक ‘दात पुढे आहेत’ एवढंच सांगतात. तुम्ही ओठांची फट आणि मधली रेघसुद्धा लिहिलीत. आता हे आकडे एकेक करून पाहू. पण चेहरा मोजायचा कशासाठी, हे आधी मुलीला समजावून सांगा. डॉक्टर चेहरा मोजतात तो दोष नेमका कुठे आहे ते शोधायला : दातात, वरच्या जबड्यात, खालच्या जबड्यात की दोन्हीकडे. चेहऱ्याला गुण द्यायला कुणी मोजत नाही. त्या अ‍ॅपचे ६४ टक्के मनातून काढून टाका. १.६१८ हे सोनेरी गुणोत्तर गणितात खरं आहे. १९७८ साली लेव्हिन नावाच्या दंतवैद्याने समोरून दिसणाऱ्या दातांच्या रुंदीला ते लावून पाहिलं, तेव्हापासून ते दातांच्या चर्चेत आलं. पुढे लोकांचे खरे दात मोजले गेले, तेव्हा बहुतेक नैसर्गिक दंतपंक्ती त्या आकड्यात बसल्याच नाहीत. छान, निरोगी, सरळ दातसुद्धा बसले नाहीत. त्यावरून साडेबारा वर्षांच्या मुलीला गुण देणं चूक आहे, आणि तिने ते मनाला लावून घेणं त्याहून वाईट.

शिवाय अ‍ॅपला मिळालेला फोटोच सदोष असतो. हातभर अंतरावरून, म्हणजे साधारण ३० सेंमीवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचं बूड दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याच्या जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, इतकी साधी गोष्ट आहे. नाक आणि पुढे आलेले दात फुगतात, कान आणि जबड्याचा कोन आत जातो, आणि चेहरा आहे त्याहून अरुंद व लांब भासतो. तुमच्या मुलीला ‘लांबट’ हा शेरा बहुधा त्यामुळेच मिळाला.

कारण तुमचे आकडे वेगळंच सांगतात. चेहऱ्याचे उभे तीन भाग करतात : केसांच्या रेषेपासून भुवयांच्या मध्यापर्यंत, तिथून नाकाच्या बुडापर्यंत, तिथून हनुवटीच्या खालपर्यंत. तिन्ही साधारण सारखे असावेत असा ठोकताळा आहे. वरचा भाग केसांच्या रेषेवर अवलंबून असल्याने आम्ही तो फारसा धरत नाही. खालचे दोन महत्त्वाचे. तुमच्या मुलीचे ६० आणि ६२, म्हणजे जवळपास सारखे. मोठेपणी खालचा भाग मधल्यापेक्षा थोडा जास्त असणंही नेहमीचंच. खालच्या भागात नाकाच्या बुडापासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंत एक हिस्सा आणि तिथून हनुवटीपर्यंत दोन हिस्से असतात. तिचे २० आणि ४२, हेही जुळलं. उभ्या मापात मोठी गडबड दिसत नाही. दोष असेल तो पुढे-मागे, आणि तो समोरून दिसत नाही, बाजूनेच पाहावा लागतो.

पण आधी एक शंका. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी घेतलीत. तिच्यावरचं शून्य पट्टीच्या टोकाला नसतं, टोकाकडे काही मिलिमीटर कोरी जागा सोडलेली असते. चेहरा बाहेरून मोजताना शून्य बरोबर जागी धरता येतं. दातांमध्ये मात्र आपण पट्टीचं टोक खालच्या दाताला टेकवतो आणि आकडा वाचतो, म्हणजे ती कोरी जागा मोजलीच जात नाही. असं झालं असेल तर तुमचे ८ मिमी खरे ११-१२ निघू शकतात. स्टीलची १५ सेंमीची पट्टी आणा, तिचं शून्य बहुधा टोकालाच असतं, तरी विकत घेताना पाहून घ्या. पुन्हा मोजताना मुलीला मागच्या दाढा एकमेकींवर हलक्या टेकवायला सांगा. लहान मुलं पट्टी दिसली की जबडा नकळत पुढे सरकवतात आणि आकडा कमी येतो. थुंकी गिळायला लावा, गिळताना दाढा आपोआप जागेवर येतात. मग पट्टी आडवी, जमिनीला समांतर धरून तिचं टोक खालच्या मधल्या दाताच्या पुढच्या बाजूला टेकवा आणि वरच्या सर्वात पुढे आलेल्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर वाचा. तीनदा मोजा, मधला आकडा धरा. हे अंतर २ ते ३ मिमी असतं तेव्हा दात नीट बसलेले म्हणतात. ६ च्या वर गेलं की ते दिसण्यापुरतं राहत नाही. पुढे आलेला दात पडण्या-धडकण्यात आधी मार खातो, आणि सैल ओठ त्याला झाकत नाहीत.

हे झालंच तर काय करायचं, तेही आत्ताच लक्षात ठेवा. पक्का दात मुळासकट निघून पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुऊन जमलं तर लगेच त्याच खळगीत बसवा आणि रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर दुधात बुडवून तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोहोचा, अर्ध्या तासात पोहोचलात तर फारच चांगलं.

आता बाजूने पाहायचं. मुलीला भिंतीजवळ ताठ उभं करा, समोर डोळ्यांच्या उंचीवर आरसा ठेवा आणि आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगा. डोकं आपोआप त्याच्या नेहमीच्या ठेवणीत येतं. हनुवटी वर केली की मागे असलेला जबडाही पुढे दिसतो, म्हणून ‘मान वर कर, नीट उभी राहा’ असं सांगू नका. केस कानामागे, ओठ सैल. ‘मम्मा’ म्हणायला लावलं की ओठ सैल पडतात. ओढून मिटलेले ओठ नकोत. त्या वेळी हनुवटीच्या कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात आणि माप बिघडतं. फोन तिच्या चेहऱ्याच्या उंचीला, किमान दीड मीटर लांब, आणि झूम करून फोटो घ्या. जबड्याचा मोजमापाचा एक्स-रे काढतानाही नळीपासून डोक्याच्या मध्यापर्यंत ५ फूट, म्हणजे सुमारे १५२ सेंमी अंतर ठेवतात. कारण तेच, जवळून घेतलेली प्रतिमा माप फुगवते.

असे दोन फोटो काढा. एक दाढा टेकवून. दुसऱ्यासाठी तिला खालचा जबडा हळूहळू पुढे आणायला सांगा, खालचे दात वरच्या दातांच्या अगदी मागे येईपर्यंत, आणि ओठ हलके मिटू द्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली याच जोडीत आहे. दुसऱ्या फोटोत चेहरा छान दिसला, ओठ सहज मिटले, हनुवटीला आकार आला, तर खालचा जबडा मागे आहे आणि तो पुढे आणणारा उपचार तिला मानवेल. दुसऱ्या फोटोत तोंड आणखी फुगलेलं दिसलं, दोन्ही ओठ पुढे आले, तर दोष बहुधा वरच्या जबड्यात किंवा दातांच्या कलण्यात आहे, आणि उपचार वेगळा. तज्ज्ञ डॉक्टर हीच चाचणी खुर्चीत करतात.

बाजूच्या फोटोवर नाकाच्या टोकापासून हनुवटीच्या टोकापर्यंत पट्टी ठेवून ओठ त्या रेषेच्या किती मागे आहेत ते पाहायची पद्धत रिकेट्स या अमेरिकन तज्ज्ञाने रूढ केली. तिचे मूळ आकडे, मोठ्या माणसांत खालचा ओठ रेषेच्या साधारण २ मिमी मागे आणि वरचा ४ मिमी, गोऱ्या अमेरिकन लोकांवरून आले. आपल्याकडे ओठ थोडे भरलेले, रेषेच्या जवळ किंवा तिला टेकलेले असणं सहज आढळतं, आणि ते सुंदरच दिसतं. नाक अजून वाढतं आहे अशा मुलीत तर ही रेषा दरवर्षी थोडी पुढे सरकते. म्हणून या रेषेवरून ‘ओठ आत घ्या’ असा निर्णय घरात करू नका. डॉक्टर करत असतील तर भारतीय प्रमाणं धरली का, हे विचारा.

समोरून पाहण्यासाठी दोनच गोष्टी करा. एक दोरा भुवयांच्या मध्यापासून वरच्या ओठाच्या मधल्या खळीवरून हनुवटीपर्यंत ताणून धरा. वरच्या दोन मधल्या दातांमधली रेघ दोऱ्याखाली आहे का ते पाहा. दोन मिमीपर्यंतचा फरक समोरच्याच्या सहसा लक्षातही येत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा माणसाचा नसतोच. खालची रेघ डावीकडे आहे असं तुम्ही लिहिलंत, तर आधी खात्री करा की सेल्फीत पाहिलं नव्हतं, कारण सेल्फी कॅमेरा डावं-उजवं उलटं दाखवतो. मग मुलीला तोंड मोठं उघडून सावकाश मिटायला सांगा. उघडं असताना दोन्ही रेघा समोरासमोर असतील आणि मिटताना खालचा जबडा सरकत डावीकडे जात असेल, तर एखादा दात मध्ये अडतो आहे. उघडं असतानाही रेघ डावीकडेच असेल, तर खालच्या डाव्या बाजूचा एखादा दुधाचा दात लवकर पडून बाकीचे दात तिकडे सरकले असतील, किंवा हाडातच फरक असेल. डॉक्टरांना हे सांगा, त्यांची दहा मिनिटं वाचतील.

दुसरी गोष्ट, आइस्क्रीमची लाकडी काडी दोन्ही बाजूंच्या उपदाढांमध्ये, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढांमध्ये, आडवी धरायला लावा. ती दोन्ही बुबुळांना जोडणाऱ्या रेषेला समांतर असावी. एका बाजूला उतरती असेल तर वरचा जबडा तिरका आहे. तार लावून हे सुटेलच असं नाही, म्हणून आधी कळलेलं बरं.

गाल बाजूला ओढून सुळाही पाहून ठेवा. वरचा सुळा खालच्या सुळ्याच्या मागे, तो आणि उपदाढ यांच्या फटीत बसायला हवा. तुमच्या मुलीत तो बहुधा पुढे सरकलेला दिसेल. १८९९ साली अमेरिकेत एडवर्ड अँगलने दाढांच्या अशाच जुळणीवरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले, आणि वरचे दात असे पुढे असले की डॉक्टर आजही ‘क्लास टू’ म्हणतात ते त्यावरून.

घरच्या घरी एवढंच. याच्या पुढे पट्टी आणि फोटो कामाचे नाहीत, आणि इथेच बरेच लोक फसतात. समजा तीन मुली आहेत, तिघींचे वरचे दात ८ मिमी पुढे. एकीचा वरचा जबडा पुढे आहे. दुसरीचा खालचा मागे राहिला आहे. तिसरीचे दोन्ही जबडे जागेवर आहेत, फक्त अंगठा चोखून दात बाहेर कलले आहेत. तिघींचा उपचार वेगळा. त्यासाठी चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो, त्याला लॅटरल सेफ म्हणतात. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं ठरावीक जागी पक्कं धरून असा एक्स-रे काढायची पद्धत मांडली. डोकं पक्कं धरलेलं असल्यामुळेच आजचा आणि दोन वर्षांनंतरचा एक्स-रे ताडून पाहता येतो. त्यावर कवटीच्या तळाशी वरच्या जबड्याचा कोन साधारण ८२ अंश, खालच्याचा ८० अंश, म्हणजे दोघांत २ अंशांचा फरक अपेक्षित असतो. फरक ४ च्या वर गेला तर हाडातच पुढे-मागे आहे असं समजतात. मग पाहायचं, ८२ चे ८६ झालेत की ८० चे ७५. अहवाल हाती आला की तुम्ही हा एकच प्रश्न विचारा : ‘वरचा पुढे आहे की खालचा मागे?’ याचं स्पष्ट उत्तर न देता जो थेट तारेचे पैसे सांगतो, त्याच्याकडे त्या दिवशी काही ठरवू नका.

लॅटरल सेफमध्ये आणखी दोन गोष्टी दिसतात आणि तुमच्या मुलीसाठी दोन्ही महत्त्वाच्या आहेत. मानेच्या मणक्यांचा आकार पाहून वाढ किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. आणि अ‍ॅडिनॉइड्सची, म्हणजे नाकामागच्या गाठींची, सावलीही दिसते. ती तोंड उघडं ठेवून झोपते, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा. नाक चोंदलेलं राहून तोंडाने श्वास सुरू राहिला, तर जीभ खाली पडून राहते, वरचा जबडा अरुंद होत जातो, आणि तारेने सुधारलेलं पुन्हा बिघडतं. कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतूंनी नाक जास्त वाहत असेल तर तेही सांगा.

आता पाळीची गोष्ट. मुलींची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती पाळी सुरू व्हायच्या साधारण वर्षभर आधी. खालचा जबडाही त्याच सुमारास जोर धरतो आणि पुढे काही काळ मंदपणे वाढत राहतो. म्हणजे तुमच्या मुलीची वाढीची उत्तम वेळ सरत आली आहे, संपलेली नाही. अठरापर्यंत थांबलात तर खालचा जबडा मागेच पक्का होईल. मग दोनच मार्ग उरतात : वरच्या उपदाढा काढून त्या जागेत पुढचे दात मागे घेणं, किंवा जबड्याची शस्त्रक्रिया. नणंदेचा सल्ला मनापासून असेल, पण तो चुकीचा आहे. डॉक्टर पाळीची तारीख विचारतील तेव्हा मुलीला किंवा तुम्हाला संकोच वाटायला नको. मागच्या वर्षभरातली उंचीची नोंद असेल, शाळेच्या आरोग्य कार्डावर किंवा दाराच्या चौकटीवर केलेली खूण का असेना, ती सोबत न्या.

दोष खालच्या जबड्याचा निघाला तर बहुधा ‘ट्विन ब्लॉक’ सुचवतील. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ पासून विकसित केलं. वर एक आणि खाली एक अशा दोन अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्या, त्यांच्यावर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की ते ठोकळे एकमेकांवर सरकून खालच्या जबड्याला पुढेच मिटायला लावतात. माप घेताना मुलीला जबडा पुढे काढून मऊ मेणावर चावायला लावतात. दुसऱ्या फोटोसाठी जे घरी केलं, त्याचा सराव असला की हा चावा पहिल्याच खेपेला नीट येतो. उपकरण दिवसरात्र घालावं लागतं, साधारण नऊ महिने ते वर्षभर, त्यानंतर तारेची वेळ येते. सुरुवातीचे चार-पाच दिवस लाळ जास्त सुटते आणि ‘स’, ‘श’ नीट उच्चारता येत नाहीत. मोठ्याने वाचायला लावा, आठवड्यात सुधारतं. एक खरी गोष्ट सांगायला हवी : या उपकरणाने जबडा खूप लांब होतो असं नाही. सुधारणेचा मोठा भाग वरचे दात मागे आणि खालचे पुढे कलण्यातून येतो. तरी पुढे आलेले दात वेळेत आत येतात, ओठ मिटू लागतात, दात फुटण्याचा धोका कमी होतो, आणि बऱ्याचदा पुढे दात काढायची वेळ येत नाही.

उपचार फसण्याचं पहिलं कारण ठरलेलं आहे : उपकरण तोंडात नसतं. शाळेत रुमालात, लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून पत्रावळीखाली, आणि मग पत्रावळीबरोबर कचऱ्यात. पहिल्या दिवसापासून डबी द्या आणि नियम करा, तोंडात नाही तर डबीत. गरम पाण्याने धुऊ नका, अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश बास.

चार दात काढले की चेहरा बसतो का? बसू शकतो, पण चुकीच्या चेहऱ्यात काढले तर. पहिली उपदाढ सुमारे ७ मिमी रुंद असते. एका जबड्यातल्या दोन काढल्या की १४ मिमी जागा होते. ज्या मुलीचे दोन्ही ओठ फुगलेले आहेत आणि दातांना जागा नाही, तिला ही जागा हवीच असते, आणि तिचा चेहरा दात काढल्यावर खुलतो. ज्या मुलीचा खालचा जबडा मागे आहे आणि वरचा ठीक आहे, तिच्या वरच्या उपदाढा काढून पुढचे दात मागे ओढले, तर वरचा ओठही मागे जातो. साधारण दात ३ मिमी मागे गेले की ओठ २ मिमी जातो. नाक आणि ओठ यांच्यामधला कोन ९० ते ११० अंशांत असला तर बरा दिसतो. तो आधीच मोठा असेल तर ओठ आणखी मागे नेऊ नये. जाऊबाईंच्या भाचीचं काय झालं ते तिचा आधीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये, आणि तिच्यावरून तुमच्या मुलीचं तर मुळीच ठरवू नये.

जागा किती कमी आहे तेही मोजता येतं. डॉक्टर दातांचा साचा काढून प्रत्येक दाताची रुंदी मोजतात, पितळी तारेने कमानीची लांबी मोजतात, आणि वजाबाकी करतात. ४ मिमीपर्यंत कमी पडत असेल तर दात न काढता भागतं. १० च्या पुढे बहुधा काढावेच लागतात. मधल्या आकड्यांत चेहरा निर्णय देतो. तिथे डॉक्टरांशी वाद घाला, प्रश्न विचारा. वरच्या-खालच्या दातांच्या रुंदीचंही प्रमाण असतं. १९५८ साली बोल्टन या अमेरिकन दंतवैद्याने खालच्या पुढच्या सहा दातांची बेरीज वरच्या सहांच्या बेरजेच्या ७७.२ टक्के असावी असं दाखवलं. वरचे सहा मिळून ४५ मिमी आणि खालचे ३६ असतील तर ८० टक्के होतात, म्हणजे खालचे जवळपास सव्वा मिलिमीटर जास्त रुंद आहेत. मग कितीही तार ओढा, सगळ्या फटी मिटूनही वरचे-खालचे दात नेमके जुळत नाहीत. वरच्या दोन मधल्या दातांच्या शेजारचे दात लहान असणाऱ्यांत असं हमखास होतं. उपचार संपताना ‘एक फट राहिलीच’ अशी तक्रार बहुतेक वेळा इथून येते, म्हणून ही बेरीज आधीच करून घ्या.

फोनवर आणखी एक गोष्ट मुलीच्या नजरेस पडली असेल : जीभ टाळूला दाबून धरली की जबडा पुढे येतो, असे व्हिडिओ. हाडाचा आकार त्याने बदलतो याला भक्कम आधार नाही. घरपोच साचा पाठवून मिळणाऱ्या अलायनरच्या, म्हणजे दात सरकवणाऱ्या पारदर्शक खोळींच्या, नादीही लागू नका. एक्स-रे आणि तपासणीशिवाय वाढत्या वयातले दात हलवणं धोक्याचं आहे.

पुढे तार लागली तर खाण्यात थोडे बदल करावे लागतील. बिबडे, कडक पापड, शेंगदाण्याची चिक्की आणि ऊस दातांनी सोलणं बंद, त्याने ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले तार धरणारे छोटे तुकडे, निघतात आणि दर वेळी महिनाभर उपचार लांबतो. केळी, खिचडी, वांग्याचं भरीत, रश्श्यात कुस्करलेली भाकरी चालते. शेवभाजीच्या हळदीने तारेवरची पांढरी किंवा पारदर्शक रबरं दोन दिवसांत पिवळी पडतात, त्यापेक्षा राखाडी किंवा गडद निळी मागून घ्या.

डॉक्टर निवडताना अंतराचा विचार करा. दर चार ते सहा आठवड्यांनी जायचं आहे, तेही दोन-अडीच वर्षं. नाशिक-पुण्याच्या मोठ्या नावापेक्षा एसटीने सकाळी जाऊन शाळेच्या अर्ध्या सुट्टीपर्यंत परत येता येईल असा तज्ज्ञ बरा. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी, आहे का ते विचारून घ्या. खर्च आवाक्याबाहेर वाटला तर दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. धुळ्यात आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. तिथे वेळ जास्त जातो, पण शिकणाऱ्या डॉक्टरांवर अनुभवी शिक्षकांची नजर असते आणि मोजमाप फार काटेकोर होतं. पैशांचं बोलताना त्यात एक्स-रे, तुटलेले ब्रॅकेट आणि शेवटी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर धरला आहे का, हे लिहून घ्या. रिटेनरचा खर्च शेवटी कळला की लोक तो टाळतात आणि दात परत सरकतात.

पहिल्या भेटीला दोन बाजूचे फोटो, स्टीलच्या पट्टीने पुन्हा घेतलेला आकडा, उंचीची नोंद, पाळीची तारीख आणि वडिलांचे किंवा तुमचे दात असेच होते का याची माहिती न्या. दुधाचे दात केव्हा पडले ते आठवत असेल तर तेही, विशेषतः खालच्या डाव्या बाजूचे. लॅटरल सेफ आणि सगळे दात एकत्र दाखवणारा ओपीजी डॉक्टरांनी सांगितल्यावरच काढा. आधीच काढून नेला आणि डोकं नीट ठेवलेलं नसलं तर तो पुन्हा काढावा लागतो.